उंबऱ्यावरची पिवळी होडी

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पोचले एकदाची. मामाने हातातली पिशवी घ्यायच्या आधीच विचारलं की किती दिवसांसाठी आलीस. मी हंगाम संपेपर्यंत म्हटलं, तर म्हणाला की बेकरीतही असंच सांगितलं होतंस.

त्याचा उजवा खांदा यंदा फारच धरलाय, हात कानाच्या वर जात नाही. त्यामुळे वल्हवायचं सगळं काम सुताराचं. मामाची होडी बांधली तो हा सुतार. गेली अठरा वर्षं दर वसंतात पहाटे दोघं जोडीने जातात. दिवसभरात दोघं मिळून वीस शब्द बोलत असतील, त्यातले सहा वाऱ्याबद्दल. उरलेला कोटा सध्या मी संपवते.

तळं केवढं आहे विचारू नकोस. पलीकडे काठ आहे असं मामा सांगतो, म्हणून आहे. या दिवसांत मासे खोल पाण्यातून उथळाकडे अंडी घालायला निघतात आणि वाटेत एका बुडालेल्या टेकाडावर पाचेक आठवडे रेंगाळतात. मामा त्याला उंबरा म्हणतो. आजोबांनी शोधलेली जागा, दुसऱ्या कोणाला माहीत नाही. वरून बघशील तर सगळीकडे सारखंच पाणी. पण मला दोन दिवसांत कळलं. शाळेचं धुराडं पाण्याच्या टाकीमागे बरोबर लपलं आणि गोदामाचं लाल छप्पर दोन उंच झाडांच्या फटीत आलं, की सुतार थांबतो आणि मामा गळ सोडतो. काल सव्वीस मासे. त्यातला एक माझा. गळ त्याच्या शेपटीत अडकला होता, तरी माझाच.

दुकानातल्या बाईंनी या पोस्टकार्डाबरोबर बिस्किटंही दिली. भली बाई आहे, टपालाचा डबाही तिच्याच काउंटरवर असतो. जागा संपली, आता कडेकडेने लिहितेय. वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड पोचलं. कडेचा मजकूर वाचायला ते चारदा फिरवावं लागलं. वहिनीला वाटलं मी कार्डालाही किल्ली देतोय. माझ्या दुकानात सध्या दुरुस्तीला आलेल्या भिंतीवरच्या घड्याळांची गर्दी आहे, सगळी वेगवेगळी वेळ सांगतात आणि प्रत्येकाच्या मालकाला आपलंच बरोबर वाटतं.

आता थोडं कान देऊन वाच. मामाने मागच्या महिन्यात मला लिहिलं होतं ते तुला त्याने सांगितलं नसणार. खानावळीच्या मालकिणीने त्याला बजावलंय की यंदा रोज ताजे मासे पोचले नाहीत, तर ती काम पिवळ्या होडीवाल्या भावांना देईल. त्यांच्या होडीला इंजिन आहे. तसं झालं तर मामा होडी काठावर पालथी घालणार आणि पुन्हा पाण्यात नेणार नाही, असं त्याच्याच अक्षरात आहे. तेव्हा हे उरलेले आठवडे सहलीला आल्यासारखी बसू नकोस. आणि डेपोतली नोकरी नक्की का सुटली? तू मागे लिहिलेलं कारण मला पटलेलं नाही.

तुझ्या काळजीत असलेला
दादा

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डेपोचं नंतर सांगेन. इथे काहीतरी शिजतंय. आज दोन कार्डं लिहितेय, आधी एक नंबरचं वाच.

चार दिवस झाले, आम्ही पोचतो तर उंबऱ्यावर पिवळी होडी आधीच हजर. जवळपास नाही, नेमकी उंबऱ्यावर. दोघे भाऊ आम्हाला बघून टोप्या हलवतात. परवा आमचे नऊ मासे, काल चार, आज एक, आणि तोही खानावळीच्या मालकिणीने बोटाने उलटापालटा करून बघितला. मामा दोरीच्या गाठी मोजत बसतो, जणू दोरीनेच फितुरी केली.

जागा तिघांनाच माहीत. मामा स्वतःच्या पायावर धोंडा घालणार नाही. मी तर परवा आलेली. राहिला कोण? मी हे चार दिवस सुतारावर नजर ठेवून आहे. एक, पिवळ्या होडीचा तळ त्यानेच मागच्या वर्षी दुरुस्त केला. दोन, संध्याकाळी तो दुकानात जातो आणि रिकाम्या हाताने परततो. तीन, त्याच्या कामाच्या टेबलावर फळीवर पेन्सिलीने, उंबऱ्याच्या खुणांचा नकाशा काढावा तशा, दोन रेघा एकमेकींना छेदून काढलेल्या मी पाहिल्या. मी विचारलं तर म्हणाला की खिडकीची चौकट आहे. खिडकीची चौकट अशी असते का? असेलही. मला चौकटीतलं काय कळतं.

आणि चार, गेले काही दिवस तो माझ्याकडे सरळ बघत नाही. आज गार वारं होतं तर स्वतःचा मफलर काढून माझ्या मांडीवर टाकला, तोसुद्धा दुसरीकडे बघत. मनात काही नसेल तर माणूस असं का वागेल?

जीव लावतोस तसाच लाव.

भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं वाचून माझ्याही मनात पाल चुकचुकली. अठरा वर्षं कोणी दुसऱ्याची होडी नुसत्या सोबतीसाठी वल्हवतं का? त्याचं त्यात काय जातं-येतं, हे आपण कधी विचारलंच नाही. लहानपणी त्याने मला लाकडी भोवरा करून दिला होता, तो कधी सरळ फिरला नाही, तेही आठवलं. वहिनी म्हणते तो माझ्या हाताचा दोष होता. ती त्याची बाजू का घेते कळत नाही.

पण पुरावा हाती लागेपर्यंत मामाजवळ तोंड उघडू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

तुझा
दादा

३१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशीच मी मामाला सांगून टाकलं होतं. उशीर तुझाच झाला.

मला वाटलं मामा मला झिडकारेल. त्याने सगळं ऐकून घेतलं, चारही मुद्दे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यावर सुताराला सरळ विचारलं की जागा तू सांगितलीस का. सुताराने आधी माझ्याकडे बघितलं. मग हो नाही की नाही नाही, वल्ही होडीत नीट शेजारी शेजारी ठेवली आणि घरी निघून गेला. ज्याला लपवायचं नसतं तो निदान नाही तरी म्हणतो. तूच सांग.

त्याला सहा दिवस झाले. वल्ही माझ्याकडे आहेत. मी गोल गोल फिरवते, नावाप्रमाणे. पहिल्या दिवशी एका बदकाच्या पिल्लांच्या रांगेमागे लागून आपण भलतीकडे आलो हे मला अर्ध्या तासाने कळलं. मामाने एकदा वल्हं हातात घेतलं आणि पांढराफटक पडला. खानावळीत तीन दिवस काहीच पोचलेलं नाही. काल तो होडीच्या तळाला हात लावून उभा होता. पालथी घालायला किती माणसं लागतील याचा अंदाज घेत असावा.

आपलं बरोबरच होतं ना रे?

भिंगरी

४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पाकिटात घालून चिकटवलंय. कारण पुढे वाच.

आज आमचा पोस्टमन जिन्यात भेटला. तुझं कार्ड हातात देत त्याने अगदी आपुलकीने विचारलं की सुताराने अजून कबूल केलं नाही का. म्हणजे तो तुझी कार्डं वाचत होता. मग तो म्हणाला की त्याला पहिल्यापासून सुतार वाईट वाटला नव्हता, मफलरवरून तर नाहीच.

मी वर येऊन तुझी सगळी कार्डं मांडली. नऊ मार्चचं काढलं. धुराडं, टाकी, लाल छप्पर, दोन झाडं. सगळं तुझ्या ठळक अक्षरात, उघड्या कार्डावर. टपालाचा डबा दुकानातल्या बाईच्या काउंटरवर असतो हेही त्यातच. वहिनीने एकच विचारलं, त्या बाईचं पिवळ्या होडीवाल्यांशी नातं काय. मला माहीत नाही. तू माहिती काढ.

तुझ्या एकटीची चूक नाही ही. ते कार्ड मीही वाचलं, दोनदा, आणि सुतारावर बोट ठेवायला मीही पुढे होतो. मामाला तू सांगणार आहेस की मी लिहू? तो तुला हाकलेल असं वाटत असेल, तर इकडे ये. पण सांगितल्याशिवाय येऊ नकोस.

तुझा
दादा

९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ती त्यांची आत्या. विचारायलाही लागलं नाही, दोघे भाऊ काउंटरमागे उभे राहून आत्याच्या हातचा चहा पीत होते.

मी पळणार होते, खोटं कशाला सांगू. पिशवी भरलीही. बस दहाची होती. मग सव्वानऊला सुताराकडे गेले. तो रंधा मारत होता. मी सगळं सांगितलं, एका दमात, उभ्या उभ्या. त्याने रंधा थांबवला नाही. म्हणाला की त्याला पहिल्यापासूनच माहीत आहे. बाईने कार्ड दुकानात मोठ्याने वाचलं तेव्हा तो खिळे घ्यायला तिथेच होता. त्यानंतर तो रोज संध्याकाळी जात होता तो बाईला विनवायला, की भाच्यांना आवर, पोरीने लिहिलंय हे मामाच्या कानावर जाऊ देऊ नकोस. म्हणजे माझी वीस तारखेची दोन्ही कार्डंसुद्धा त्याने ऐकली होती, दादा. मफलर टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने ऐकलं की मी त्यावरूनही संशय घेतलाय. तरी तो चार दिवस वल्हवायला येत राहिला.

मी विचारलं की धक्क्यावर 'नाही' असं का म्हणाला नाहीत. तर म्हणाला की तो नाही म्हणाला असता तर तिघांतून मी एकटीच उरले असते.

तेवढ्यात दारात मामा. माझी पिशवी पाहून मागे मागे आला होता. किती ऐकलं माहीत नाही, बहुतेक सगळंच. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण तो माझ्याकडे वळलाच नाही. सुतारावर चिडला, इतका की खांदा विसरून हात वर केला आणि कळवळला. म्हणाला की अठरा वर्षांत तू मला एवढंच ओळखलंस का, की भाचीला एका चुकीसाठी घराबाहेर काढीन. सुताराने रंधा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला की तूही मला तेवढंच ओळखलंस.

 मामा लाकडाच्या भुशावर बसला. मी रडत होते, पण ते कोणाच्या कामाचं नव्हतं. मग सुताराने विचारलं की तळं मासेमारीला बंद व्हायला किती दिवस. मामा म्हणाला सहा. सुतार म्हणाला की डावं वल्हं पोरीने कडेला घासून खराब केलं असेल, घेऊन ये. खरंच केलं होतं.

काल तिघं गेलो. पिवळी होडी उंबऱ्यावर होतीच, आता ती दरवर्षी असणार. आम्ही जरा बाजूला, जिथे टेकाड संपतं तिथे थांबलो. सात मासे. मालकिणीने घेतले, पण पुढच्या वर्षीचं काही बोलली नाही. मामाही नाही. होडी उलटायची की नाही ते दोघं ठरवतील, मी विचारलेलं नाही.

मला वल्हं दिलं नाही. गळही नाही. तळाशी साचलेलं पाणी उपसायला एक डबा दिलाय, आणि मी उपसतेय. सुतार अजून माझ्याशी बोलत नाही. आज पहाटे मात्र निघताना होडी धक्क्याला धरून उभा राहिला, मी आत बसेपर्यंत.

डेपोतून मला काढलं होतं. नोकरी मी सोडली नव्हती. हेही तुला सांगायचं राहिलं होतं.

वहिनीला सांग, सुताराबद्दल ती बरोबर होती. रागावून झालं की पूर्वीसारखं लिही.

तुझी
भिंगरी