लोट्याला भोक नव्हतं

प्रिय भुजंगदादा,

प्रिय लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नको. पत्राची सुरुवात अशी करायची, एवढं तिसरीत शिकवलं होतं. माझी शाळा तिथंच थांबली, म्हणून दुसरी सुरुवात मला येत न्हाई.

मी मजेत. गुडघे सोडले तर बाकी सगळं बराबर आहे. पत्र मीच लिहून राह्यले, कुणाकडून लिहून घेतलेलं न्हाई. तू हाडाचा मास्तर, लाल पेन घेऊन चुका काढत बसशील. काढ. आज मला कशाचाच राग येणार न्हाई, एक तुझा सोडून.

झालं असं, की माझी नात अर्पिता, आपल्या वसंताची लेक, आता चौथीला आहे. भारी चौकस पोरगी. मागच्या हप्त्यात कुकरची शिट्टी का वाजते म्हणून तिनं माझं वरण करपवून टाकलं, पण ते राहू दे. काल तिनं स्टीलच्या पेल्यात बर्फ घातला, पाणी घातलं, वर चमचाभर हळद ढवळली. म्हणाली, आजी, बघत बस. जरा वेळानं पेल्याला बाहेरून थेंब आले. तिनं धुतलेल्या पांढऱ्या फडक्यानं पुसून मला दाखवलं. फडकं ओलं, पण पिवळं बिलकुल न्हाई! म्हणजे पाणी आतून पाझरलं न्हाई. हवेत वाफ असते म्हणे, डोळ्याला दिसत न्हाई, गार भांड्याला लागली की तिचे थेंब होतात. मुलांच्या पुस्तकात लिहिलंय, चित्रासकट. मी ते चित्र तीनदा बघितलं आणि इतकी हसले की सूनबाई चूल सोडून पळत आली.

आता तुला आठवलंच असेल. तुला सोयरे बघायला आल्ते. तू नवा नवा मास्तर, शरबतासाठी जालन्याहून भुशात गुंडाळून बर्फ आणला होतास. आपल्या घरात बर्फ पहिल्यांदाच. मी नऊ वर्षांची, पितळी लोटा भरून नेला. लोट्याला दरदरून पाणी सुटलं, नव्या गादीवर ओलं वर्तुळ उमटलं, सोयरे हसले. मी म्हणाले, लोटा मी आपटला न्हाई. तू चारचौघांत म्हणालास, हिनं आपटून लोटा फोडला, वर खोटं बोलते. एक मुस्काटात दिलीस. मंग बाबांना सांगितलंस, हिला भांडं सांभाळता येईना, पाटी काय सांभाळणार? त्यानंतर माझं दप्तर दिसलं न्हाई.

पण दादा, पुस्तक नव्हतं तेव्हा तुलाही ठाऊक नसेल, ते मी सोडलं असतं. तू तो लोटा राजूरच्या तांबटाकडं नेलास, भोक बुजवायला डाग देऊन आणला म्हणालास. मी माठामागं बसून तो उलटासुलटा करून बघितला होता. डाग नव्हता, झाळल्याची खूणसुद्धा नव्हती. तांबटानं तुला सांगितलंच असणार, भोक न्हाई म्हणून. तू ते घरी सांगितलंच न्हाईस. छप्पन्न वर्षं दर दिवाळीला मी तुला ओवाळलं, आणि दर दिवाळीला तो लोटा तुझ्या देवघरात चकचकीत बघितला.

काल अर्पितानं विचारलं, आजी, तू एवढी हुशार, मंग चौथीत का गेली न्हाईस? मी म्हणाले, हसनाबादच्या आजोबांना विचार, ते मास्तर होते. ती शनिवारी सुट्टीला तुझ्याकडं येणार आहे. तुला अचानक गाठावं असं फार मनात होतं. पण तू घाबरून पुन्हा खोटं बोललास, तर पोरगी ते खरं धरून बसेल. मास्तरांचा शब्द आहे ना. म्हणून तुला चार दिवस आधी कळवून राह्यले. लोटा घासून ठेव. बर्फ तुझ्या फ्रीजात असेलच. हळदीची पुडी मी तिच्या दप्तरात बांधून दिली आहे.

तुझीच,
तिसरी पास सगुणा
पिंपळगाव रेणुकाई