हाफ-टाइमला तुला का काढलं

प्रिय नझ्री,

पर्थला नीट पोचलास, हे तुझ्या बहिणीकडून कळलं. तुझ्या अबाहना मातीत ठेवलं त्याच दुपारी तू विमानतळ गाठलास. मी अडवलं नाही. आठ वर्षं तू बापाशी बोलला नव्हतास.

शेजारच्या तिमाहमावशी रोज भात आणि मिरचीचं सांबल आणून देतात. "खा गं, नवरा गेलाय, पोट नाही गेलं," म्हणतात. मी खातेही.

काल क्लबचा सामना टीव्हीवर होता. त्याआधी राखीव संघांची मॅच आता नसते, ती लीगच बंद झाली. मला मात्र त्या दुपारी चारच्या मॅचच आवडायच्या. रिकामे स्टँड, उन्हात छत्र्या धरून बसलेल्या आम्ही पाचसहा आया, आणि रेषेवर राखीव संघाचे कोच म्हणून तुझे अबाह, पोटच्या पोराला दोन शिव्या जास्त घालणारे. हाफ-टाइमला चांगला खेळणाऱ्या पोराला काढलं, की आम्ही एकमेकींचे हात दाबायचो. पाय ताजे ठेवून त्याला संध्याकाळी मुख्य संघात घ्यायचे ना.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी मी घरी होते आणि तुला काढलं. तू बूट न सोडता स्टँडमध्ये वाट बघत बसलास. कोणी बोलावलं नाही. मुख्य मॅच सुरू झाली तेव्हा तुमच्या संघातला सुफियान म्हणाला, "काय रे, बुटांना मॅच दाखवायला आणलंस?" डिसेंबरात लीग बंद झाली, तुमचा राखीव संघही गेला. माझ्या बापानेच मला कापलं, असं तू त्यांच्या तोंडावर म्हणालास. ते कॉफी ढवळत राहिले.

त्या हाफ-टाइमला त्यांचा मला फोन आला होता. "रोहाया, बसली आहेस ना? पोराला वर मागितलंय." इतका हसरा आवाज मी आमच्या लग्नातही ऐकला नव्हता. आणि मला डोळ्यांपुढे माझा भाऊ दिसला. मुख्य संघात तीन मोसम, मग फुटलेला गुडघा, मग खिडकीशी बसून आल्यागेल्यावर ओरडणं. मी म्हटलं, "त्याला पाठवलंत तर मी या घरात राहणार नाही." मग ते "बरं" म्हणाले. वरच्या कोचला त्यांनी तुझी मांडी दुखावल्याचं सांगितलं. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस.

मला वाटलं होतं, एक वर्ष जाऊ दे, तू जरा मोठा हो, मग मीच पाठवा म्हणेन. ते वर्ष आलंच नाही. नंतर दोनदा म्हटलं, त्याला सांगून टाकते. ते म्हणाले, "नको. दोघांवरही रुसला तर रविवारी फोन कोणाला करेल?"

कबरीपाशी सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती टाकली. तुझे हात खिशात होते. लोकांनी पाहिलं, मीही पाहिलं, आणि तिथेही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तो राग माझ्या वाट्याचा होता, नझ्री. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा कच खाल्ली असती, म्हणून लिहितेय. एकदा ये. विमानतळावरून सरळ त्यांच्याकडे जा. घरी नाही आलास तरी चालेल. आणि या रविवारी तुझा फोन नाही आला, तर मी समजेन.

तुझीच आई,
मक