सरका थोडं जवळ

३ एप्रिल, गुरुवार
आणि वर मलाच म्हणायचं, तुला फोटोची हौस राहिली नाय, नुसतं बटण दाबतीस! हे बोलून मोनिकाचे पप्पा दुसऱ्या दिवशी फुलंब्रीला गेले. मनकर्णाबाई म्हणून एक विधवा बाई आहे, तिच्या फोटोच्या दुकानात नवीन प्रिंटर आला, तो शिकवायला. आठ दिवसांत येतो म्हणाले. आज पाच महिने झाले. प्रिंटर शिकायला पाच महिने लागतात व्हय? बाई मंद असणार.

मी विचार करून कारण शोधलं. सगळा दोष दिवाळीत घेतलेल्या मोठ्या कॅमेऱ्याचा. त्याच्यावरनंच भांडण झालं. म्हणून आज तो पेटीत टाकला आणि लग्नानंतरचा पहिला रीलचा कॅमेरा काढला. रील गुलमंडीतल्या कडुबाकडं मिळालं, काळं-पांढरं. धुऊन पण तोच देणार. छत्तीस फोटो काढायचे, यांना दाखवायचे, घरी आणायचं. पंधरा दिवसांचं काम.

रीलच्या जमान्यात हे प्रत्येक फोटो वहीत लिहायचे. त्याच वहीची मागची पानं कोरी आहेत. मी चौथी शिकलेली, पण लिहिणार. वाचणारं कोण आहे?

४ एप्रिल, सकाळी
रील कसं घालतात तेच विसरले. तास गेला. शेवटी हाताला आपोआप आठवलं, डोकं नुसतं बघत बसलं.

मोनिकाचा पुण्याहून फोन. आई, मोबाईलवर काढ ना, म्हणाली. म्हटलं, मोबाईलवर गाढव पण काढतं. मग म्हणाली, पप्पांचं तुला खरंच कळत नाही का गं? म्हटलं, कळतं की, कॅमेऱ्याचा राग आहे. म्हणाली, आई, अगं ते... आणि मधीच विचारती, जेवलीस का. सकाळी आठला! पोरगी अलीकडं एक वाक्य धड पुरं करत नाय.

६ एप्रिल, रविवार
सुरुवात झाली. शेजारच्या पारूबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. काढला. दाखव म्हणाल्या. म्हटलं, यात दिसत नाय. कॅमेरा हिसकून उलटा केला, मागं नुसतं काळं झाकण. म्हणाल्या, रत्ने, दिसतच नाय तर काढला कशाला?

पण खरं सांगू? लग्नात मोठ्या कॅमेऱ्यावर आठशे फोटो काढते. नवरीची मावशी स्क्रीनमध्ये मुंडकं घालून म्हणणार, मी जाड दिसते, परत काढा. आठशेतला एक डोक्यात राहत नाय. आजचा डोळे मिटले तरी दिसतो. चिकाचा हात, कोपरावर ऊन.

रोज तीनच काढायचं ठरवलं होतं. नऊ निघाले. उद्यापासून शिस्त.

९ एप्रिल
सकाळी सातला वाळूजला गेले. रात्रपाळी सुटलेली माणसं कंपनीच्या बसमध्ये झोपलेली. एकाचा गाल दुसऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्याला पत्ता नाय. ऊन खिडकीत येईपर्यंत वीस मिनिटं उभी राहिले, एका फोटोसाठी. मी! जिला दुधाच्या रांगेत दम निघत नाय.

असं उभं राहायला लई वर्षांनी मिळालं. डोळ्यांत पाणी आलं. बसचा धूर.

आमचा स्टुडिओ अकराला उघडला. पासपोर्ट फोटोची दोन गिऱ्हाईकं परत गेली. जाऊ दे.

१४ एप्रिल
क्रांती चौकात जयंतीची गर्दी. सगळ्यांचे मोबाईल वर. मी खाली बघितलं. एक म्हातारी, पांढरं लुगडं, नव्या चपला हातात धरलेल्या. म्हटलं, आजी, घाला की. म्हणाली, आज नको, कुणी पाय देऊन खराब करतील. एकच काढला. हे असते तर म्हणाले असते, वा रत्ना. माझ्याच तोंडानं म्हणून घेतलं.

१७ एप्रिल, सकाळी
सहा उरले. ते फुलंब्रीला. एक शब्द बोलायचा नाय. हातात हा कॅमेरा दिसला की माणूस आपोआप उठेल. पिशवीत यांचा टॉवेल घेतलाय, बसमध्ये घाम पुसायला. येताना.

१७ एप्रिल, संध्याकाळ
मी बोलले.

हे कॅमेरा बघून लई खूश झाले. अगं, हा चालतो अजून? लगेच सदऱ्यानं काच पुसली, कानाशी धरून बटणाचा आवाज ऐकला. माझ्या मनात आलं, झालं काम. तर मागं वळून म्हणाले, मनू, हे बघ, आमचा पहिला कॅमेरा. मनू म्हणजे मनकर्णा. दुकानात गिऱ्हाईकाच्या घाईत एवढं लांब नाव कोण घेणार?

तिनं चहा केला. यांना बिनसाखरेचा दिला, न विचारता. साखरेची गोळी कधी चालू झाली, मला माहीत नाय.

निघताना ती म्हणाली, ताई, आमचा दोघांचा एक काढा ना दुकानासमोर. हे म्हणाले, राहू दे. पण मी कॅमेऱ्याला डोळा लावला होता. तीस वर्षं बायकांच्या हळदी, लग्नं काढली. डोळा लावला की तोंड आपलं आपण बोलतं. मी म्हणाले, सरका थोडं जवळ. अजून. बाई, खांद्यावर हात ठेवा. हं, हसा.

ठेवला. हसले. दाबलं.

मी काय बोलले ते मला बस हर्सूलला आल्यावर कळलं.

धंद्याची रीत आहे. मधी जागा राहिली की फोटो चांगला येत नाय. टॉवेल घामाला लागलाच.

२५ एप्रिल, शुक्रवार
कडुबानं रील धुतलं. कुरडयांचे पाच हलले. बसमधला अंधारला. म्हातारीच्या चपला तेवढ्या छान. फुलंब्रीचा तो एक फोटो त्यानं गठ्ठ्याच्या तळाशी, पालथा ठेवला होता. मी सुलटा केला. म्हटलं, चांगला आलाय की. म्हणाला, आलाय, वहिनी. आणि पाणी प्यायला आत गेला.

रीलमधला सगळ्यात चांगला तोच. हे दात दाखवून हसतात. माझ्याकडं तीस वर्षांचे फोटो आहेत, एकातही दात नाय. पारूबाई म्हणाल्या, रत्ने, तो खांद्यावरचा हात बघ आधी. मी म्हटलं, नजर बघा. नजर सरळ काचेत आहे. काचेमागं कोण होतं? मीच ना?

एक कॉपी फुलंब्रीला पाठवली. मागं लिहिलं: यात कुणाकडं बघून हसलात, ते रविवार ४ मेपर्यंत सांगा. फोनवर नको. येऊन सांगा.