दीपगृहाचा खेळ आणि माळ्यावरची पेटी

आई, तुमच्या मुलाने परवा लॅपटॉपवर आपला तो दीपगृहाचा खेळ घालून दिला. नव्याने विकायला आलाय म्हणे. रविवारी जेवणं झाल्यावर मी बसले, ती चहाची वेळ टळली तरी उठले नाही. तोच धक्का, तीच बांधलेली होडी, नाहीशा झालेल्या रखवालदाराचं तेच रिकामं घर. चित्रं आता दाणेदार दिसतात, पण काय देखणं काम आहे हो. कुणी पाठीस लागत नाही, कुणी मरत नाही. माउसचा बाण एखाद्या वस्तूवर नेला की त्याचा हात होतो, बाकी सगळं आपल्या बघण्यावर आणि विचारावर सोडलेलं. एवढ्या भांडवलावर त्या लोकांनी अख्खं बेट उभं केलं.

तेव्हा मी डोंबिवलीत तुमच्या घरी नुकतीच आलेले. तुमचा मुलगा दिवसभर कामावर, आणि आपण दोघी दोन खोल्यांत. तुम्ही शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं. मला तुमची भीतीच वाटायची. एका दुपारी कंटाळून मी त्याच्याकडची या खेळाची सीडी लावली, आवाज अगदी बारीक ठेवून. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "दिसेल तिथे टिचक्या काय मारतेस? आधी नीट बघ तरी." मला वाटलं, रागावलात. तर तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात. दुसऱ्या दिवशी भांडी आवरताच तुम्हीच विचारलंत, "बसायचं का?"

मग ते सुरांचं दार आलं. एका खोलीत पेटीसारखं खेळणं धून वाजवतं, ती कानात धरून खाली यायचं आणि दारावरच्या दांड्या त्याच सुरांत ओढायच्या. मला सगळे सूर सारखेच. तुम्ही मात्र ती धून गुणगुणलात, मला माळ्यावरून एक गाठोडं काढायला लावलंत, आणि जुन्या चादरीतून हार्मोनियम निघाली. भाता फाटका, दोन पट्ट्या मुक्या. तरी तुम्ही सूर शोधलेत आणि दार उघडलं.

"तुम्ही शिकलेल्या?"

"लग्नाआधी. परीक्षाही दिलेल्या. मग राहून गेलं."

"कुणी नको म्हटलं?"

"कुणी काहीच म्हटलं नाही गं. तेच तर." तुम्ही पेटी पुसत राहिलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला मानपाड्याच्या लॅबची नोकरी सोड असं कोण म्हणालं?"

मी आठवून पाहिलं. खरंच, कुणीच नाही. नवी सून म्हणून मीच सोडलेली.

रात्री जेवताना तुम्ही मुलाला सांगितलंत, "ही उद्या जुन्या साहेबांना फोन करणार आहे. जागा असेल तर लगेच जाईल. पोळ्यांचं माझं मी बघेन." त्याने मान डोलावली आणि आमटी वाढून घेतली. इतकं सोपं होतं ते. जागा होती. आज मी त्याच लॅबची प्रमुख आहे. उरलेला खेळ तेव्हा आपण एका रविवारी संपवला. रखवालदार सापडल्यावर तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "हुशार माणसं आहेत हो ही, खेळ करणारी."

या खेपेला त्या दाराचं उत्तर मी नेटवर बघितलं. माझा कान अजून तसाच आहे. पण ती धून वाजली तेव्हा तुम्ही गेलात त्या आठवड्यातली गोष्ट आठवली. समोरच्या काकू भेटायला आलेल्या. म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंनी भाता दुरुस्त करून घेतला तेव्हापासून रोज दुपारी गायच्या, मी टीव्ही बंद करून ऐकत बसायचे." मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी संध्याकाळी घरी येईपर्यंत पेटी झाकलेली असायची, आणि तुम्ही कधी बोललाही नाहीत.

काकू अजून तिथेच राहतात, जिन्यात भेटतात, चांगल्या आहेत. पण तुम्हाला म्हणून सांगते, मला त्यांचा अजून हेवा वाटतो.