अर्ध्यावर थांबलेला गरुड

२० जुलै २०२५, रविवार

वायर! एका वायरीपायी आज माझी शोभा झाली.

महिनाभर कपाटात लपवून ठेवलेला तो मोटरी-दिवे चालवायचा वायफायचा बोर्ड दुपारी बाहेर काढला. बिस्किटाएवढा असेल. लॅपटॉपला जोडला — लाल दिवा लागला, पण लॅपटॉप ओळखच दाखवेना. ड्रायव्हर टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला, बोर्डावरचं बटण दाबून धरलं. काही नाही. तेवढ्यात पल्लवी कपडे वाळत घालून आत आली. नुसती नजर टाकली आणि म्हणाली, "वयनी, ही वायर चार्जिंगची. हेच्यातसून डेटा जाणा नाय." आपल्या खोलीतून दुसरी वायर आणली, लावली. चालू!

गौरेश समोरच पेपर वाचत बसला होता. म्हणाला, "बघ." काय बघ? हा माझा नवरा की तिचा थोरला दीर?

पल्लवी म्हणजे माझी धाकटी जाऊ, गौरेशच्या धाकट्या भावाची, साईशची बायको. कुडाळची. शिकलेली बी.कॉम. लग्न होऊन दोन पावसाळे झाले नाहीत, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून हे बोर्ड शिकली. मी डिचोलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. खाणीवरच्या वजनकाट्यांचे बोर्ड मी दुरुस्त करायचे, ट्रकांची रांग खोळंबलेली असायची आणि साहेब माझ्या मागं उभा राहायचा. मग खाणी बंद पडल्या, नोकरी गेली, लग्न करून इथं चोपड्याला आले. आणि चार्जिंगची वायर मला कळू नये?

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं. बरं वगैरे काही वाटलं नाही.

२२ जुलै

बोर्डावरचा दिवा आता माझ्या हुकमानं लुकलुकतो. दाखवायचा कुणाला?

२७ जुलै, रविवार

सकाळी पोदेर पाव देऊन गेला, सगळे चहाला बसले, आणि बाबांनी — म्हणजे सासऱ्यांनी — चवथीचा विषय काढला. "ह्या वर्साचो देखावो पल्लवी करतली. मोबायलार चलता तसो. संजना आसाच मदतीक."

मदतीक!

लग्न झाल्यापासून गणपतीचा हलता देखावा मीच करत आले. भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेल्या चकत्या. त्या चकत्यांच्या उंचसखल कडांवर माझा कृष्ण पाय उचलायचा. गावातली माणसं जनेलातून डोकावून बघायची. वर्षभर या घरात मी भात शिजवते, धुणं काढते, मुलांचा अभ्यास घेते. ते कुणीही करील. चवथीचे दोन दिवस तेवढे माझे होते. तेव्हा कळायचं की ही बाई काहीतरी शिकून आली आहे.

गौरेशला रात्री म्हटलं, तर म्हणतो, "जाता तां जातला. तू कित्याक डोक्यात घेतंस?" कुठं घेऊ मग?

३ ऑगस्ट, रविवार

पल्लवीनं पहिली चाचणी घेतली. गजेंद्रमोक्ष. खाली थर्माकोलचं तळं, त्यात हत्ती, हत्तीचा पाय धरलेली मगर. वर फळापानांची माटोळी बांधतो तिथून विष्णू गरुडावर बसून खाली येतो. दोन बोर्ड — एक तळ्याखाली मगरीला, एक वर गरुडाला. दोन्ही घरचं वायफाय पकडतात, त्याच्यावरून एकमेकांशी बोलतात, आणि ही मोबाईलवर बोट टेकवते.

मी म्हटलं, "एक वायर खाली सोडली असती तरी झालं असतं." ती म्हणाली, "वायर दिसतली मगे, वयनी." खरं आहे. दिसली असती.

गरुड उतरताना पंख हलवतो. हळू, मग जरा जोरात, मग तळ्याजवळ आल्यावर परत हळू. माझ्या वायपरच्या मोटरीला एकच चाल ठाऊक. इतकं सुंदर झालंय की पोटात दुखलं. बाबांनी पुन्हा करून दाखवायला लावलं, मग आणखी एकदा.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. फोंड्याची सुविधा, माझी नणंद, नवरा-मुलांसकट आली. चुलत नणंदाही आल्या. बाबांना दम कुठला! "पल्लवी, दाखय गो तां." सगळे जमले, गरुड निघाला आणि नेमकी लाईट एक क्षण जाऊन आली. झालं. मगर हलेना. गरुड अर्ध्यावरच थांबलेला. पल्लवीनं बोर्ड बंद केला, चालू केला, परत बंद केला. कानाच्या पाळ्या लाल.

सुविधा म्हणाली, "संजनाचो देखावो कधी बंद पडलो नाय बाये." मी स्वयंपाकघरात नारळीभात वाढत होते. तिथं एकटीच हसले.

संध्याकाळी सगळी मंडळी गेली आणि बोर्ड आपोआप चालू! पल्लवी वेडी व्हायची बाकी राहिली.

११ ऑगस्ट

तिचा शोध चालू आहे. वायरी बदलल्या. प्रोग्राम पुसून परत चढवला. मोटर दुसऱ्या पिनेवर घेतली. आज शेवटी माझ्याकडे आली — "साईशाक विचारून काय उपयोग? वयनी, तुमका काय वाटता?" मी भाजी चिरत होते. वर न बघता सांगितलं, "पॉवर सप्लाय हलका असेल." असूही शकतो. पण मला तसं वाटत नव्हतं. पॉवर कमी पडली असती तर बोर्ड सारखा बंद-चालू झाला असता. तो जागा होता, फक्त वायफाय पकडत नव्हता. आणि तेसुद्धा घर माणसांनी भरलेलं असतानाच.

१४ ऑगस्ट

सापडलं!

घरात कुणी नव्हतं. मोबाईलवर राउटरचं पान उघडलं. आमचा राउटर स्वस्तातला, ठरावीक संख्येपर्यंतच मोबाईल आत घेतो आणि मग दार लावतो. राखीला पोराटोरांचे धरून किती मोबाईल होते! लाईट गेली की सगळेच बाहेर पडतात. आली की मोबाईल धावत आत शिरतात आणि बोर्ड बिचारा सावकाश उठतो, तोवर जागा संपलेली. पाहुणे गेले, जागा झाली, बोर्ड चालला. एवढंच.

उपायही सोपा. वरच्या बोर्डानं स्वतःचं वेगळं वायफाय काढायचं, खालच्यानं आणि तिच्या मोबाईलनं तेच पकडायचं. घरच्या राउटरची गरजच नाही. माझ्या बोर्डावर मी तसं करूनही बघितलं. चाललं. वजनकाट्याच्या दिवसांनंतर पहिल्यांदा अशी मजा आली. एकटीच टाळी वाजवली.

पल्लवीला उद्या सांगते.

१६ ऑगस्ट

सांगायला निघाले होते. देवाशप्पथ. ओसरीवर बाबा शेजारच्या विठूशी बोलत बसले होते, आणि दारातच माझ्या कानावर आलं — "पल्लवी येवच्या आधी ह्या घरात कोणाक कायच येय नाय होता, रे."

आल्या पावली परत फिरले. आता शोधू दे तिला. तिलाच सगळं येतं ना?

२२ ऑगस्ट

पल्लवीनं नवा पॉवर सप्लाय आणून लावला. पाहुणे नाहीत, त्यामुळे बोर्ड चालतोच आहे. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "वयनीन सांगलां म्हणान गावला. माझ्या टकल्यात येवचाच नाय होता." आणि मला ताटात आणखी एक बांगडा वाढला.

कुणीतरी माझं नाव घेतलं, ते खोट्यासाठी! मी बांगड्याचे काटे काढत बसले. कौतुक करायलाही हिलाच पुढं यायचं असतं. बाबांना नाही सुचत. गौरेशला तर नाहीच नाही.

२५ ऑगस्ट

माटोळीचं सामान आलं. सुपारीची शिपटी, तोरिंगं, कांगणी, सगळी टांगायची फळं. पल्लवी शिडीवर, मी खालून हातात देत होते. "वयनी, जरा डावीकडे आसा काय गो गरुड?" विचारत होती. तिच्या मनात काही नसतं, हेच मला सोसत नाही. एखादा टोमणा मारला असता तर मलाही मोकळेपणानं भांडता आलं असतं.

अजून एक दिवस आहे. प्रोग्रामच्या चार ओळी बदलायच्या.

२६ ऑगस्ट

पाहुणे यायला लागले. मी वायफायचा पासवर्ड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून जनेलाजवळ टांगला. सुविधा म्हणाली, "बरां केलंस, पोरां सारखी विचारत बसतत." पाहुण्यांची सोय! कशाची सोय ते मला ठाऊक आहे.

२७ ऑगस्ट, चवथ

घुमट वाजवत आरती झाली. देखावा बघायला शेजारपाजारही आत आले, विठू सगळ्यांत पुढं. गजेंद्रानं सोंड वर केली. पोरं पुढं सरकली. गरुड माटोळीतून निघाला, आणि लाईट गेली. चवथीला सगळं गाव एकदम दिवे लावतं, ती जाणारच होती. लगेच आली. पोरांनी मोबाईल बाहेर काढले.

मगर तोंड उघडं ठेवून थांबलेली. विष्णू अर्ध्यावर लटकलेला. पल्लवी मोबाईलवर बोट दाबते, पुन्हा दाबते. विठू म्हणाला, "देव वाटेत अडाकलो मरे!" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. तेवढ्यानं तिचा चेहरा असा उतरला की मीच मान फिरवली.

तिनं तळ्याखालचा बोर्ड काढून हातात घेतला. उलटासुलटा करून बघितला. मग राउटरकडे बघितलं. खोलीभर नजर फिरवली — पोरांवरून, पुठ्ठ्यावरून, माझ्यावरून. आणि म्हणाली, "बोर्ड जळलो, बाबा."

बाबा वळले. "संजना, तुजी ती जुनी मोटर खंय आसा?"

पोटमाळ्यावर होती. तेल घातलं, चेन बसवली. मगर कराकरा आवाज करत हलायला लागली आणि विष्णू धक्के खात का होईना, खाली आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुविधानं माझ्या पाठीवर थाप मारली. बाबा विठूला म्हणाले, "ही मोटर दगा दिवची नाय."

पल्लवी दिवसभर स्वयंपाकघरात नेवऱ्या तळत होती. बाहेर आलीच नाही. साईश दोनदा बोलवायला गेला. मला जेवण गोड लागायला नको होतं. खरं लिहायचं तर, लागलं.

२८ ऑगस्ट

संध्याकाळी विसर्जन. नदीवर जाताना पल्लवी माझ्या बाजूनंच चालत होती.

आता ते गोडही उतरलंय. बाबा म्हणाले, फुडल्या वर्सा देखावो संजनाच करतली. मी हो म्हटलं.

३० ऑगस्ट

शेवटचे पाहुणे सकाळी गेले. मी आणि पल्लवी देखावा सोडवत होतो. ती गरुडाची दोरी गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोर्ड जळूक नाय, वयनी. लोक गेले, चालू झालो. पासवर्ड लावन ठेवूक राउटरात मोबायल किती मावतत ता आधी कळाक व्हया. ह्या घरात ता कळणारा तुमच्याशिवाय आसा कोण?"

इतकी वर्षं हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं.