चाळीस पट्ट्यांची लांबी

२ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बाबाच्या पायाचं ऑपरेशन झालं, वीस तारखेला घरी सोडणार, हे तुझ्या चार ओळींच्या पत्रातून कळलं. पाचवी ओळ लिहिली असतीस तर शाई संपली नसती. पायावर जड पांघरूण नको आणि पाय उघडाही नको, असं डॉक्टर म्हणतात. या उंटाला पुरेल असं हलकं पांघरूण बाजारात कुठून मिळणार? लहानपणापासून त्याची पावलं कायम बाहेरच.

म्हणून मी गोधडी शिवायला घेतली आहे. आमचा शर्टांचा कारखाना बंद झाला त्या दिवशी आम्ही कापणाऱ्या चाळीस जणींनी आपापल्या टेबलावरच्या शेवटच्या कापडाची एकेक पट्टी कापली होती. सगळ्यांत जुनी मी, म्हणून ती गुंडाळी माझ्या हाती दिली. आजवर ती उघडायला कारण मिळालं नव्हतं. सुती कापड आहे, अगदी हलकं. पट्टी दोन इंच रुंद, चव्वेचाळीस इंच लांब. एकीखाली एक लावत गेले तर गोधडी किती लांब होईल? मी काढलं आहे, पण घरात इंजिनियर असताना बोटांवर कशाला विसंबू? बाबाचं मापही कळव.

तुझी आत्या

६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांची प्रकृती ठीक आहे. उंची चौऱ्याहत्तर इंच. दवाखान्यात ते झोपलेले असताना टेपने मोजलं: हनुवटीपासून टाचेपर्यंत पासष्ट. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, की कपाट बनवायला घेतलं आहेस का. पायाशी गादीखाली खोचायला दहा इंच धरले, तर पंचाहत्तर लागतील. पलंग छत्तीस इंच रुंद आहे, त्यामुळे रुंदीची अडचण नाही.

लांबीची आहे. पट्ट्या जोडताना प्रत्येक कडेचा पाव इंच शिवणीत जातो. कडा दोन, म्हणजे दोन इंचांपैकी दिसणार दीड. चाळीस गुणिले दीड, साठ. पंधरा इंच कमी पडतात आणि पावलं बाहेर राहतात. आकृती सोबत जोडली आहे. भोवती साध्या कापडाची आठ इंची किनार लावली तर प्रश्न सुटतो. तोवर शिवणकाम थांबवावं.

तुझी भाची

१० नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आकृती फार सुबक. शेजारणीला दाखवली, तर ती म्हणाली, ही गोधडी की पूल?

माझी मात्र पंचाईत झाली. तुझं पत्र येईतो बावीस पट्ट्या जोडून झाल्या होत्या. माझ्या हिशेबाने चाळीस पट्ट्यांचे ऐंशी इंच होत होते. पण तू शिकलेली, तुझंच बरोबर असणार.

किनार मात्र लावणार नाही. त्या चाळिसांतल्या सहा जणी आता नाहीत. त्यांच्या पट्ट्यांभोवती दुकानातलं कापड मला बघवणार नाही. उद्यापासून उसवते आणि रुंदी कमी करून लांबी साधते का बघते. हे कापड एकदा उसवलं की कडेला विरतं, मग दुसरी शिवण धरेलच असं नाही. धाकधूक तेवढीच आहे. पट्ट्यांची टोकं सारखी करताना उरलेला तुकडा पाठवते. इतकं हलकं चालेल ना, डॉक्टरांना विचार.

तुझी आत्या

१३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उसवू नकोस. हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे.

तुकडा मिळाला. त्याची रुंदी अडीच इंच आहे. तू लिहिलेले दोन इंच शिवून झाल्यावर दिसणारे होते. मी ते कापलेले धरले आणि तू आधीच वजा केलेला अर्धा इंच पुन्हा वजा केला. ऐंशी हेच बरोबर आहे. वजाबाकी करण्याआधी तुला विचारायला हवं होतं, माप कोणतं. ते मी विचारलं नाही. चूक माझी.

दुसरी एक गोष्ट. तुकडा आमच्या कारखान्यात नेऊन मोजणीच्या उपकरणाखाली दहा जागी तपासला. फरक कागदाच्या जाडीइतकाही नाही. रोज माझ्या हातून यंत्रावर कापलेले भाग नापास होतात. हे कापलं कशाने?

डॉक्टरांना कापड चालेल.

तुझी भाची

१६ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

दोनच शिवणी उसवल्या होत्या. मग वाटलं, उसवण्याआधी एकदा पसरून तर बघू. अजून जोडलेल्या वीस पट्ट्या फरशीवर टाकल्या आणि टेप लावली. तुझ्या हिशेबाने तीस यायला हवे होते, आले साडेचाळीस. कागद एक सांगतो आणि फरशी दुसरं, तेव्हा मी फरशीचं ऐकते. तुझं पत्र आलं तोवर एकतिसावी पट्टी लागली होती. उसवलेल्या दोन शिवणी दुहेरी टाक्याने धरल्या आहेत.

चूक दोघींची. आमच्याकडे कापलेलं माप कुणी तोंडाने बोलतच नसे. गळ्याला कॉलर किती बसते ते बोलायचं. कापायचं किती, ते हाताला ठाऊक. तुलाही तसंच सांगून बसले.

कापलं कातरीने. टेबलाची कड धरून. सगळ्याच जणी तशाच कापत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. परवा पार्सल करते.

तुझी आत्या

२३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पार्सल विसालाच आलं, बाबांच्या आधी तासभर. अस्तर आणि टाक्यांमुळे थोडी आकसून गोधडी एकोणऐंशी इंच भरते. हनुवटीपासून घेऊन पायाशी चौदा इंच खोचली. बाबांनी मान उचलून पायांच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा पाय कुठे आहेत ते आठवावं लागतंय. बहिणीला उंट म्हणायचा हक्क आजपासून कायमचा दिला, असंही कळवायला सांगितलं आहे.

यातली तुझी पट्टी कोणती, असं त्यांनी विचारलं. मला ओळखता आली नाही. चाळीसही पट्ट्या मोजल्या. त्या चाळीस जणींनी कापल्या आहेत हे रुंदीवरून कुणाला सिद्ध करता येणार नाही. उसवलेल्या दोन शिवणीही शोधल्या. सापडल्या त्या उलट्या बाजूने, तेही तू सांगितलं होतंस म्हणून.

तू लिहिलंस, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला तसं वाटत नाही.

दुरुस्त आकृती जोडली आहे. तळाशी दोन चौकटी असतात, एक आखणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. कारखान्यात तपासणाऱ्याच्या चौकटीत माझी सही असते. या आकृतीत मी ती रिकामी ठेवली आहे. तू सही करून परत पाठव. त्याशिवाय आकृती पक्की होत नाही.

लोभ आहे तेवढा पुरतो, त्यात कपात नसावी.

तुझी भाची