मागचा उजवा पाय

प्रिय ताय,

वर्षभर माझं एक अक्षर ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं हेच? मोगरी विकून टाक, लंगड्या घोडीला किती दिवस चारा घालशील, असं मी शंभरदा बोललो असेन. पण मी बोलायचं आणि तू भांडायचं, असंच आपलं चालतं ना गे? यंदा भांडली का नाहीस? बेळगावच्या माणसाकडून विक्रीचा विसार घेतलास, रविवारी तो न्यायला येणार, आणि वर मला म्हणालीस, झालं तुझ्या मनासारखं. तेव्हापासून फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस.

तू म्हणशील, तुयेची फॅक्टरी सोडली, साखळी बाजारातलं दुकान सोडलं, आता हा मला शहाणपण शिकवतो. शिकवत नाही. बंगळूरच्या या तबेल्यात मी लीद काढतो, बालद्या भरतो, घोडे फिरवतो. पण परवा जे बघितलं ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि इथल्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

आमच्याकडं शर्यतीची एक तांबडी घोडी आहे. मागच्या पायानं लंगडायची, अगदी मोगरीसारखी. मागच्या गुडघ्यात सुई दिली, महिनाभर उभी ठेवली, तरी लंगडी ती लंगडीच. आपल्याकडंही तेच झालं ना? मग एक डॉक्टरीण आली, तुझ्यासारखीच काडी. तिनं औषध दिलंच नाही. खालून पाय बधिर करत वर वर गेली. आधी खूर बधिर केला आणि मला म्हणाली, पळव. मी दोरी धरून दुडक्या चालीनं नेली. लंगडली. मग वरचा सांधा. लंगडली. मग तो गुडघा, जिथं सुई दिली होती. ताय, तरीही लंगडलीच! म्हणजे एवढे दिवस दुखत नव्हतं तिथंच औषध चाललं होतं.

मग तिनं माझा हात धरून पार वर, घोडीच्या पोटाला लागून ठेवला. म्हणाली, तुम्ही गुडघा म्हणता ती हिची टाच, खरा गुडघा हा, मांसात लपलेला. तिथं सुया टोचल्या, अर्धा तास थांबलो, आणि पळवली. मला मागं वळून बघावंच लागलं नाही. टापांचा आवाजच बदलला. डिचोलीत शिगम्याला ढोल मागंपुढं होत होत एकदम एका ठेक्यावर येतात आणि अंगावर काटा उभा राहतो, तसं. थांबवली, तर तिनं मान वळवून आपल्याच पायाकडं बघितलं, हा कुणाचा म्हणून! दुपारी बधिरपणा उतरला आणि परत लंगडू लागली. पण दुखणं सापडलं होतं. एवढं मोठं जनावर, एवढ्याशा जागी दुखतं आणि तोंडानं सांगत नाही.

शिगम्याच्या घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून मी दरवर्षी नाचलो, वाटायचं घोडा आपल्याला कळतो. त्या घोड्याला मागचे पाय असतात कुठं? मान उडवली की झाला घोडा. मोगरीचंही आपण तोंडच बघत बसलो. खाते चांगली, डोळे चांगले, म्हणजे नखरे करते म्हणालो.

मोगरी मये तळ्यावर पोरांना फिरवते तो तू मागं पाठवलेला व्हिडिओ डॉक्टरणीला दाखवला. फोनवर कळत नाही म्हणाली. बरी होईल असंही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, असं खालून वर तपासल्याशिवाय जाऊ देऊ नका. गोव्यात येणाऱ्या डॉक्टरचा नंबर दिलाय, पानामागं लिहिलाय.

लंगडी घोडी तो बेळगावचा माणूस पाळायला नेत नाही, कशाला नेतोय ते तुला ठाऊक आहे, मलाही. आणि तुला मी ओळखतो. विसार घराच्या पत्र्यांना खर्च झाला असेल, आता परत कुठून देऊ या लाजेनं तू गप्प बसशील आणि रविवारी दावं त्याच्या हातात देशील. म्हणून लिहायला बसलो. आपल्या शेजारचा योगेश ट्रक घेऊन गावी परत येतोय, त्याच्याजवळ हे पत्र आणि पैशांचं पाकीट दिलंय. विसार त्या माणसाच्या हातावर ठेव आणि सांग, भाऊ घोडी विकू देत नाही. पूर्ण आहेत, अकरा हजार.

तुझाच, कुठंच न टिकणारा,
निहार